थोडी घेणाऱ्यांसाठी: दोन पेगांत मूड कसा बदलतो आणि तो कसा ओळखायचा

सांगलीत आमची परमिट रूम आहे. सासऱ्यांनी सुरू केली. आता खरेदी आणि किचन नवरा बघतो आणि संध्याकाळी सातपासून बंद होईपर्यंत गल्ल्यावर मी असते. गिऱ्हाइकं मला वहिनी म्हणतात. माझं बी.एस्सी. केमिस्ट्रीत झालंय, त्यामुळे बाटलीत काय आहे ते मला कळतं. गल्ल्यावरून सगळी टेबलं दिसतात, त्यामुळे ते पोटात गेल्यावर माणसाचं काय होतं तेही रोज दिसतं.

हे लिहितेय ते थोडी घेणाऱ्यांसाठी. आठवड्यातून एखाद-दोनदा मित्रांबरोबर बसणारे, लग्नकार्यात घेणारे, शनिवारी घरी ग्लास भरणारे. जो घेत नाही त्याला 'घे थोडी, बरं वाटेल' असं मी कधीच सांगणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्वच्छ सांगितलंय की तब्येतीला निर्धोक असं दारूचं कुठलंही प्रमाण नाही, धोका पहिल्या थेंबापासून सुरू होतो. दारू विकणारी असले तरी हे आधी सांगणं मला गरजेचं वाटतं. पण घेणारे घेतातच, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना ती आपल्या मनाशी नेमकं काय करते हे कुणी नीट सांगितलेलं नसतं.

माझ्या पाहण्यात आलंय ते असं: थोडी दारू नवा मूड आणत नाही. तुम्ही जे मनात घेऊन बसलात आणि बसल्यावर जे समोर चाललंय, तेवढंच ती मोठं करते आणि बाकीचं नजरेआड करते. हे ज्याला उमगलं त्याला कधी बसायचं, कुणाबरोबर बसायचं आणि कधी उठायचं हे आपोआप कळायला लागतं. पुढचं सगळं त्यासाठीच.

आधी मोजा

'मी दोनच पेग घेतो' असं सांगणारे खोटं बोलत नसतात. त्यांचा पेग कुणी मोजलेला नसतो, एवढंच. घरी एकदा हे करून बघा. नेहमीच्या ग्लासात, नेहमीच्या सवयीने, दोन बोटं पाणी ओता. मग ते पाणी पेग मेजरने मोजा. पेग मेजर म्हणजे ते डमरूसारखं स्टीलचं माप, एका बाजूला ३० मिली म्हणजे स्मॉल, दुसऱ्या बाजूला ६० म्हणजे लार्ज. नसेल तर खोकल्याच्या औषधाबरोबर येणारं प्लास्टिकचं माप चालतं. रुंद ग्लासात दोन बोटं म्हणजे ९०-१०० मिली सहज भरतात. म्हणजे ज्याला तुम्ही एक पेग म्हणत होता ते तीन स्मॉल निघाले.

आपल्याकडच्या व्हिस्की, रम, ब्रँडीच्या बाटलीवर ४२.८ टक्के असं छापलेलं असतं. त्या हिशेबाने ३० मिलीच्या स्मॉलमध्ये शुद्ध अल्कोहोल साधारण १० ग्रॅम आणि लार्जमध्ये २०. हा १० ग्रॅमचा आकडा लक्षात ठेवा, बाकी सगळं त्यातच मोजता येतं. १५० मिली वाइन १२ टक्क्यांची असेल तर १४ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ दीड स्मॉल. गोव्यात उन्हाळ्यात उर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांची हलकी दारू, मिळतो. लिंबाचं कोल्ड्रिंक, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घालून सरबतासारखा पितात, पण त्यातही १५ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असतं.

सगळ्यात मोठा गैरसमज बिअरचा. 'वहिनी, आज काही नाही, नुसती बिअर' असं म्हणत लोक स्ट्राँगची बाटली मागवतात. ६५० मिलीची बाटली, ८ टक्के. हिशेब करा, ४१ ग्रॅम येतात. म्हणजे चार स्मॉल एका बाटलीत. माइल्ड, ५ टक्क्यांची घेतली तरी अडीच स्मॉल. दोन स्ट्राँग संपवून 'आज फक्त बिअरच घेतली' म्हणणारा माणूस आठ स्मॉल पिऊन उठलेला असतो, आणि घरी गेल्यावर बायकोवर आपण का खेकसलो हे त्याला कळत नाही.

मी 'थोडी' म्हणते तेव्हा एका बैठकीला दोन स्मॉल, २० ग्रॅम, एवढंच माझ्या डोळ्यापुढे असतं. ब्रिटनच्या सरकारी सल्ल्यात २०१६ पासून आठवड्याला १४ युनिट ही कमी धोक्याची मर्यादा आहे. त्यांचं युनिट ८ ग्रॅमचं, म्हणजे आपले सुमारे ११ स्मॉल, तेही तीन किंवा जास्त दिवसांत विभागून. शनिवारी एका रात्रीत ११ घ्यायचे आणि 'आठवड्याचा कोटा' म्हणायचं, हे त्यात बसत नाही.

बायकांसाठी हिशेब वेगळा. बाईच्या अंगात वजनाच्या मानाने पाणी कमी असतं, आणि दारू पाण्यातच पसरते. नवरा-बायको आमच्या फॅमिली सेक्शनला बसले, दोघांनी एकेक लार्ज घेतला, तर तिच्या रक्तात दारूचं प्रमाण त्याच्यापेक्षा बरंच जास्त जातं. ती 'लवकर चढवून घेत' नसते, तिच्या शरीराचं गणितच वेगळं असतं.

जेवण शेवटी, ही रीत मोडा

आपल्याकडे बसण्याची एक ठरलेली पद्धत आहे. आधी पेग आणि चखणा, शेवटी जेवण. 'आधी खाल्लं तर चढत नाही' हे त्यामागचं तत्त्व. चढणं मंदावतं हे खरंच आहे, आणि म्हणूनच आधी खायचं.

दारू थोडीशी जठरातून रक्तात जाते, बरीचशी लहान आतड्यातून. पोट रिकामं असेल तर ती जठरात थांबतच नाही, पटकन पुढे सरकते आणि रक्तातलं प्रमाण झपाट्याने वर जातं. पोटात अन्न असलं की जठर ते धरून ठेवतं, दारूही त्याबरोबर हळूहळू सुटते. तेवढेच दोन स्मॉल, पण एकात मूड गचका मारून वर जातो, दुसऱ्यात सावकाश. गचका मारून वर गेलेला माणूस मोठ्याने बोलायला लागतो, पुढचा पेग लवकर मागवतो आणि तासाभरात तसाच गचका मारून खाली येतो.

खारे शेंगदाणे आणि मसाला पापड हे जेवण नव्हे. मीठ-तिखटाने तहान लागते आणि ग्लास लवकर संपतो. आमच्याकडे ओळखीचं गिऱ्हाईक असेल तर मी ऑर्डर घेतानाच उकडलेली अंडी, पनीर किंवा सरळ अर्धी भाकरी आणि वाटीभर रस्सा आधी पाठवते. घरी बसणार असाल तर निम्मं जेवण आधी करा, उरलेलं नंतर. ग्लासाशेजारी पाण्याचा तांब्या ठेवा आणि तहान पाण्याने भागवा. पाण्याने नशा कमी होत नाही, पण तहान भागली की ग्लासाला हात कमी जातो.

पहिला अर्धा तास

पहिला घोट घेतल्याबरोबर खांदे सैल पडतात. ते दारूने झालेलं नसतं, कारण ती अजून डोक्यात पोचलेलीच नसते. ते आठवडा संपल्याचं, मित्र भेटल्याचं, खुर्चीत टेकल्याचं समाधान असतं. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठातल्या अ‍ॅलन मार्लट यांनी १९७३ साली यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना व्होडका घातलेलं टॉनिक दिलं, काहींना नुसतं टॉनिक. प्रत्येक गटातल्या काहींना खरं सांगितलं, काहींना उलटं. कोण किती पितो हे ग्लासात काय आहे यापेक्षा त्यात काय आहे असं त्याला वाटतंय यावर ठरलं.

म्हणून माझा पहिला सल्ला हा की एकदा त्याच मित्रांबरोबर, त्याच टेबलावर, पहिला अर्धा तास फ्रेश लाइम सोडा घ्या. आपल्याला नक्की कशाची उणीव वाटते ते बघा. काहींना काहीच उणीव वाटत नाही, त्यांना बैठक हवी असते. काहींना सारखं ग्लासाकडे लक्ष जातं. दोन्ही माहिती उपयोगाची आहे.

खरा परिणाम सुरू होतो दहा-पंधरा मिनिटांनी. रिकाम्या पोटी अर्ध्या ते एका तासात रक्तातलं प्रमाण सगळ्यात वर असतं, जेवलं असेल तर आणखी उशिरा. इथेच लोक फसतात. दहा मिनिटांत पहिला संपवतात, 'अजून काहीच नाही' म्हणतात आणि दुसरा मागवतात. मग दोन्ही एकदम येतात. पहिल्या स्मॉलला अर्धा तास लावा. मग थांबा. घड्याळ बघायला लाजू नका.

हे थांबणं का, तर दारूचे परिणाम दोन भागांत येतात. रक्तातलं प्रमाण वर चढत असताना मन उल्हसित होतं, बोलावंसं वाटतं, भीड कमी होते. मेंदूत डोपामाइन आणि एंडॉर्फिन सुटतात. तेच प्रमाण उतरायला लागलं की सुस्ती येते, कंटाळा येतो, काहींना विनाकारण उदास वाटतं. गल्ल्यावरून हे ऐकू येतं. टेबलाचा आवाज पहिल्या तासात चढतो, मग एका क्षणी बसतो. बरोबर त्या वेळी कुणीतरी हात वर करतो: 'अजून एक रिपीट!' गेलेली मजा त्याला परत हवी असते. पण आता पहिलीच दारू अंगात शिल्लक आहे, वरून आणखी येते, आणि सुस्तीवर सुस्ती चढते. तिसरा-चौथा पेग पहिल्याचा आनंद परत आणताना मी पाहिलेला नाही. तो आवाज बसला की जेवण मागवायचं. दोन स्मॉलवर थांबणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त सांभाळायचं असतं ते हेच पाच मिनिटांचं वळण.

समोर काय आहे, त्यावर सगळं

एकच संध्याकाळ, एकच ब्रँड, एकाच मापाने ओतलेलं. एका टेबलावर बँकेतले एक साहेब निवृत्त झाले म्हणून पाच जण बसलेत. जुन्या शाखेतल्या गोष्टी निघतायत, साहेबांचे डोळे भरून येतात आणि हसूही थांबत नाही. दोन टेबलं सोडून एक जण एकटाच बसलाय, समोर मोबाइल उलटा ठेवलेला. भावाबरोबर वाटणीचा वाद चाललाय, हे आमच्या वेटरला ठाऊक आहे. त्याचा दुसरा पेग झाल्यावर तो मोबाइल सरळ करून जुने मेसेज वाचायला लागतो. तासाभराने बँकेचं टेबल एकमेकांच्या गळ्यात पडलेलं असतं आणि हा मनुष्य आला तेव्हा होता त्याहून दुप्पट चिडलेला.

क्लॉड स्टील आणि रॉबर्ट जोसेफ्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली याची मांडणी केली. दारूने लक्ष अरुंद होतं, असं त्यांचं म्हणणं. जे जवळ आहे, ठळक आहे, तेच दिसतं. दूरचं, बारीक, 'पण उद्या काय' हे सांगणारं दिसेनासं होतं. चिंता असलेल्या माणसाला दारूबरोबर मन गुंतेल असं काही दिलं तर चिंता कमी होते. तशीच दारू देऊन नुसतं बसवलं तर ती कमी होत नाही, उलट वाढू शकते. 'दुःख विसरायला घेतो' हे म्हणूनच निम्मं खरं आहे. समोर क्रिकेटची मॅच असेल, गप्पा असतील, तर तेवढा वेळ विसरता येतं. समोर दुःखच ठेवून बसलात तर तेवढंच दिसत राहतं.

याचा वापर असा करायचा. बसण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: आत्ता माझ्या डोक्यात काय चाललंय? राग असेल, कुणी गेल्याचं दुःख ताजं असेल, नोकरीची धास्ती असेल, तर आज बसू नका. बोलायचंय तर चहावर बोला. मित्राला गरज असेल तर त्याच्याबरोबर नदीकाठी आयर्विन पुलापर्यंत चालत जा. उदास असताना एकट्याने कधीच घेऊ नका. हा एक नियम पाळलात आणि बाकीचे सगळे विसरलात तरी मला चालेल.

भांडणंही अशीच होतात. कुणीतरी अर्धवट काहीतरी बोलतो, 'तुला काय कळतंय त्यातलं'. एरवी माणूस ते सोडून देतो, कारण बोलणारा जुना मित्र आहे, गेल्या महिन्यात दवाखान्यात रात्रभर आपल्याबरोबर बसला होता, हेही त्याला आठवत असतं. दोन-तीन पेगांनंतर ते मागचं आठवतच नाही, फक्त ते एक वाक्य कानात वाजत राहतं. आमच्या वेटरांना मी एक गोष्ट शिकवलीय. आवाज चढला की मध्ये पडून समजूत घालायची नाही. रिकाम्या सोड्याच्या बाटल्या उचलायच्या निमित्ताने दोघांच्या मध्ये उभं राहायचं, गरम प्लेट टेबलावर ठेवायची आणि ज्याचा आवाज चढलाय त्याला नावाने हाक मारून विचारायचं, 'आण्णा, भाकरी ज्वारीची आणू का बाजरीची?' तो उत्तर देतो. लक्ष अरुंद झालेलंच असतं, ते भाकरीकडे वळतं. घरी कुणाचा आवाज चढला तर तुम्हीही हेच करा. त्या वेळी कोण बरोबर आणि कोण चूक हे सिद्ध करायला जाऊ नका, त्याचा काहीही उपयोग होत नाही.

ग्लास भरण्याआधी ठरवायच्या गोष्टी

भीड कमी होते ती फक्त गाण्याची आणि नाचण्याची नाही, हो म्हणण्याचीही कमी होते. आमच्या टेबलांवर मी लोकांना जामीन राहायला कबूल होताना ऐकलंय, भिशी सुरू करताना, दुसऱ्याच्या मुलाला नोकरी लावून देतो म्हणताना. त्या क्षणी ते मनापासून बोलत असतात. सकाळी दोघांपैकी एकालाच ते आठवत असतं.

म्हणून ठरवून टाका: ग्लास समोर असताना पैसा, जमीन, लग्न जमवणं आणि ऑफिसातली भांडणं यांवर निर्णय नाही. कुणी विषय काढलाच तर 'उद्या सकाळी फोन करतो' एवढंच म्हणायचं. मोबाइल खिशात किंवा गाडीच्या डिकीत. रात्री साडेदहाला लिहिलेला लांबलचक मेसेज लिहिताना फार खरा वाटतो, वाचणाऱ्याला मात्र तो सकाळी मिळतो. किती घ्यायची आणि किती वाजता उठायचं हेही आधीच ठरवा आणि टेबलावरच्या एकाला सांगून ठेवा. बाटली टेबलावर ठेवू नका. कपाटात ठेवलेली बाटली काढायला उठावं लागतं आणि तेवढ्यात विचार करायला वेळ मिळतो.

गाडी, गोळ्या आणि साखर

गाडीचं थोडक्यात सांगते, कारण यात घासाघीस नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम ही हद्द आहे. ७० किलोच्या पुरुषाने रिकाम्या पोटी एक लार्ज घेतला तर प्रमाण ४० च्या आसपास जाऊ शकतं, ५५ किलोच्या बाईचं ६५ च्या. ते तासाला साधारण १५ ने उतरतं. कॉफी, लिंबू, गार पाण्याची अंघोळ, कशानेही त्याचा वेग वाढत नाही. दोन लार्ज घेतलेल्या माणसाला पूर्ण उतरायला पाच-सहा तास लागतात. पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पण दंडापेक्षा महत्त्वाचं हे की 'मी एकदम ओके आहे' हे ज्या मेंदूने ठरवायचं त्यावरच दारूचा अंमल असतो. किल्ली आधीच दुसऱ्याकडे द्या.

झोपेच्या किंवा घबराटीच्या गोळ्या चालू असतील तर दारू बिलकूल नको, दोन्ही मिळून श्वास मंदावू शकतो. सर्दीच्या गोळ्यांनी येणारी गुंगीही दारूने वाढते. जुलाबावर देतात त्या मेट्रोनिडाझोलबरोबर घेऊ नका असं डॉक्टर सांगतात. नैराश्याची औषधं घेणाऱ्यांनी डॉक्टरांना स्पष्ट विचारावं, लपवू नये.

डायबिटीसवाल्यांनी हे नीट वाचा. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेत असाल आणि न जेवता प्यायलात, तर साखर फार खाली जाऊ शकते, कारण यकृत दारूच्या मागे लागतं आणि साखर सोडायचं काम मागे पडतं. घाम फुटणं, जीभ जड होणं, चिडचिड, असंबद्ध बोलणं ही लक्षणं बघणाऱ्याला दारू चढल्यासारखीच दिसतात. एका पेगात कुणी असा वागायला लागला तर 'चढली याला' म्हणून हसू नका. शुद्धीवर असेल तर साखरपाणी द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, दवाखान्यात न्या.

आणि वयाचं. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी २१ आणि व्हिस्की-रमसारख्या कडक दारूसाठी २५ वर्षं. आमच्याकडे कार्ड बघितल्याशिवाय टेबल मिळत नाही.

'थोडी' राहिली नाही, हे कसं ओळखायचं

'मला काही चढत नाही' हे लोक अभिमानाने सांगतात. मला ते ऐकून काळजी वाटते. शरीराला सवय झाली की तेवढ्याच मूडसाठी जास्त लागते, आणि यकृताला मात्र कसलीही सूट मिळत नाही. एकट्याने घ्यावीशी वाटणं, झोप येण्यासाठी घेणं, घरच्यांपासून प्रमाण लपवणं, आज नको ठरवूनही पाय इकडे वळणं, यातलं एक जरी दिसलं तरी आता स्वतःच्या जिवावर नियम करत बसू नका. सकाळी हात थरथरत असतील, घाम फुटत असेल तर एकदम बंदही करू नका, त्यात फिट येऊ शकते, जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडायची. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून काम करतंय. आमच्या गल्ल्यावर बिलांच्या क्लिपशेजारी हे दोन्ही लिहिलेला कागद चिकटवलाय. नवऱ्याला सुरुवातीला ते विचित्र वाटलं होतं. आता तोच कुणाकुणाला नंबर लिहून देतो.

दुसरा दिवस आणि वही

थोडी घेणाऱ्यांच्या मूडमधला सगळ्यात मोठा फरक त्या रात्री दिसत नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी दिसतो. दारू मेंदूला शांत करणारं काम वाढवते आणि उत्तेजित करणारं दाबते. ती उतरली की दाबलेलं उसळून येतं. रात्री पटकन झोप लागते, पण पहाटे तीन-चारला डोळे उघडतात, छाती धडधडते, भलतेसलते विचार येतात. स्वप्नांची झोप रात्रीच्या पहिल्या भागात कमी झालेली असते. घोरणंही वाढतं, म्हणजे शेजारी झोपणाऱ्याचीही झोप गेली. अकराच्या सुमाराला ऑफिसात मन लागत नाही, संध्याकाळी मुलांवर ओरडणं होतं. याचा संबंध कालच्या दोन पेगांशी कुणी लावत नाही. डोकं दुखलं नाही म्हणजे काही झालं नाही, असं धरून चालतात.

हा संबंध लावायला एक वही ठेवा. फार काही नको, प्रत्येक बैठकीला पाच ओळी. माझी एक नोंद अशी आहे:

'शनिवार. बसण्याआधी: दमलेली, पण खुशीत, बहीण आलीय. रेड वाइन एक ग्लास, मोजून १५०, साडेआठ ते सव्वानऊ. आधी थालीपीठ खाल्लं. काय झालं: शाळेतल्या गोष्टी काढल्या, नेहमीपेक्षा जास्त बोलले, बहिणीला मध्येच तोडत होते. झोप: लगेच, पण साडेतीनला जाग, पुन्हा पाचला डोळा लागला. रविवार अकरा वाजता: बरी. चार वाजता: किचनमधल्या पोरावर विनाकारण चिडले.'

बैठक झाल्यावर लगेच नोंद करू नका, तेव्हा सगळं छानच वाटत असतं. पहिली ओळ बसण्याआधी लिहा, बाकीच्या दुसऱ्या दिवशी. प्रमाण मिलीमध्ये लिहा, 'थोडी' असं लिहू नका. ज्या आठवड्यात घेतली नाही त्या शनिवार-रविवारचीही नोंद करा, नाहीतर ताडून बघायला काही राहत नाही. 'काय झालं' या ओळीत आवाज, पैसा, मोबाइल आणि कुणाशी कसं वागलो हे चार मुद्दे तरी बघा.

महिना-दोन महिने झाले की नोंदी एकदम वाचा. आधी दुसऱ्या दिवसाच्या ओळी वाचा, मग त्यांच्यावरचं प्रमाण. बहुतेकांना आपली एक रेघ सापडते, जिच्या अलीकडे दुसरा दिवस ठीक जातो आणि पलीकडे नाही. कुणाची ती एका स्मॉलवर असते, कुणाची दोनवर. कुणाला असं दिसतं की प्रमाण सारखंच आहे, पण ऑफिसच्या लोकांबरोबर बसलं की चिडचिड आणि शाळेच्या मित्रांबरोबर नाही. तसं असेल तर पेग कमी करण्याआधी टेबल बदला. पहाटेची जाग हीच अडचण असेल तर बैठक लवकर सुरू करा आणि शेवटचा घोट झोपण्याआधी तीन तास घ्या.

दुसऱ्या दिवसाची ओळ शक्य असेल तर घरच्यांना लिहू द्या. आमचे एक जुने गिऱ्हाईक, शिक्षक, रविवारी बसायचे. मी सांगितलं म्हणून त्यांनी वही केली आणि ती ओळ बायकोकडे दिली. त्यांनी स्वतः लिहिलं असतं तर 'नॉर्मल' लिहिलं असतं. त्यांच्या बायकोने लिहिलं, 'सोमवारी डबा न उघडता परत आणला, धाकटीचा अभ्यास घेताना वही फेकली.' पुढच्याही सोमवारी तसंच काहीतरी. आता गुरुजी शनिवारी येतात, सातला येऊन साडेआठला उठतात, दोन स्मॉल आणि आधी ऑम्लेट-पाव. रविवारची ओळ अजूनही त्यांची बायकोच लिहिते.